आम्लतेनं पोटॅशियमचं दार मिटतं, मग पेशंटचं पोटॅशियम कमी कसं?

एमडी मेडिसिनच्या पहिल्या वर्षाला असलेल्या एका डॉक्टरांचा प्रश्न थोडक्यात असा. किडनीच्या पेशींतले पोटॅशियम चॅनेल आम्लता वाढली की बंद होतात, असं शरीरक्रियाशास्त्रात शिकलो. चॅनेल बंद म्हणजे लघवीत पोटॅशियम कमी आणि रक्तात जास्त. मग जुलाबाच्या किंवा रीनल ट्युब्युलर ॲसिडोसिसच्या (किडनीच्या नलिकांच्या दोषामुळे रक्तात आम्लता साठते तो आजार) पेशंटचा पीएच ७.२, म्हणजे रक्त आम्लधर्मी, असताना पोटॅशियम २.२ इतकं कमी कसं येतं? आणि चॅनेलला आम्लता 'कळते' म्हणजे नेमकं काय होतं?

तुम्ही शिकलात ते खरं आहे आणि वॉर्डात पाहिलंत तेही खरं आहे. घोटाळा आहे वेळेचा. चॅनेल सेकंदांच्या हिशेबात वागतो आणि किडनी दिवसांच्या. पुस्तकातलं वाक्य पहिल्या काही तासांबद्दल असतं, पेशंट मात्र बहुतेक वेळा चौथ्या-पाचव्या दिवशी येतो.

आधी हिशेब मांडू. सत्तर किलोच्या माणसात साधारण ३५०० मिलिइक्विव्हॅलंट (आयन मोजण्याचं एकक) पोटॅशियम असतं. त्यातलं ९८ टक्के पेशींच्या आत. आपण सुई टोचून जे मोजतो ते उरलेल्या दोन टक्क्यांतलं. रोज सुमारे ७०० मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम किडनीत गाळलं जातं आणि त्यातलं जवळजवळ सगळं नेफ्रॉनच्या, म्हणजे किडनीतल्या गाळणी-नलिकेच्या, पहिल्या भागात आणि हेन्लेच्या लूपमध्ये परत घेतलं जातं. लघवीत जे दिसतं ते मुख्यतः शेवटच्या टप्प्यात, म्हणजे डिस्टल नेफ्रॉन आणि कलेक्टिंग डक्टमध्ये, पेशींनी मुद्दाम बाहेर टाकलेलं असतं. साठच्या दशकात गेरहार्ड गीबिश आणि ब्राझीलचे गेरहार्ड माल्निक यांनी उंदराच्या एकेका नलिकेत केसासारखी बारीक काचेची नळी घालून, तिथला द्रव ओढून हे दाखवलं. १९७१ मध्ये त्यांनीच आम्लता आणि अल्कता बदलून तीच मोजणी केली. आज आपण ज्याला 'आम्लतेत पोटॅशियम बाहेर पडत नाही' म्हणतो, त्याचा पाया तिथला.

ते बाहेर टाकण्याचं दार म्हणजे रॉम-के. रीनल आउटर मेड्युलरी पोटॅशियम असं ते नाव. १९९३ मध्ये उंदराच्या किडनीच्या मेड्युलाच्या बाहेरच्या थरातला आरएनए बेडकाच्या अंड्यांत टोचून, कोणत्या तुकड्यामुळे पोटॅशियमचा प्रवाह दिसतो हे शोधत शोधत त्याचा जीन सापडला. जीनचं नाव केसीएनजे-१, प्रथिनाचं दुसरं नाव केआयआर १.१. हा चॅनेल दोन जागी महत्त्वाचा आहे. हेन्लेच्या लूपच्या जाड चढत्या भागात तो आत घेतलेलं पोटॅशियम परत नळीत सोडतो, म्हणून तिथला सोडियम-पोटॅशियम-क्लोराइडचा वाहक चालू राहतो. आणि कलेक्टिंग डक्टच्या प्रिन्सिपल पेशींत तो पोटॅशियम लघवीत सोडतो. तुमच्या प्रश्नाचा संबंध दुसऱ्या जागेशी आहे.

आता 'कळणं' म्हणजे काय ते पाहू. पहिली गोष्ट, जी परीक्षेत हमखास चुकते: रॉम-केला बाहेरची आम्लता कळत नाही. लघवीचा पीएच ५ असला काय आणि ८ असला काय, त्या बाजूनं त्याला फरक पडत नाही. त्याला कळतो तो पेशीच्या आतला पीएच. आतला पीएच साधारण ७.२ ते ७.३ असतो आणि तिथे जवळजवळ सगळे चॅनेल उघडे असतात. ६.८ च्या आसपास निम्मे बंद होतात आणि ६.५ पर्यंत जवळजवळ सगळे. म्हणजे उतार फार तीव्र आहे. चार उपघटक मिळून एक चॅनेल बनतो आणि ते एकमेकांच्या सोबतीनं मिटतात, म्हणून हा बदल कडेलोटासारखा होतो.

इथे एक आडवळण घेतो. पीएचची भाषा लॉगची आहे, त्यामुळे बदल लहान वाटतात. रक्ताचा पीएच ७.४ म्हणजे हायड्रोजन आयन लिटरला ४० नॅनोमोल. ७.१ म्हणजे ८०. तीन दशांशांचा फरक म्हणून आपण मान हलवतो, पण आम्लता दुप्पट झालेली असते. शाळेत याला 'सामू' म्हणायचो. तेव्हा शिकवताना ही दुपटीची गोष्ट कुणी सांगितली असती तर बरं झालं असतं.

मग चॅनेलच्या आत कोण हे ओळखतं? नव्वदच्या दशकात यावर एक फार देखणं उत्तर आलं. प्रथिनातल्या ८० क्रमांकाच्या जागी लायसीन हे अमिनो आम्ल आहे. ते बदलून तिथे मेथिओनीन घातलं तर चॅनेलची आम्लतेची जाणीव जवळजवळ जाते. उलट, मुळात आम्लतेला न जुमानणाऱ्या त्याच कुळातल्या दुसऱ्या चॅनेलमध्ये त्या जागी लायसीन घातलं तर तो आम्लतेला ऐकू लागतो. लायसीन एरवी पीएच १० च्या वर प्रोटॉन सोडतं, म्हणून ७ च्या आसपास ते जाणकार कसं ठरेल, हा अडचणीचा मुद्दा होता. त्यावर तोडगा असा की ४१ आणि ३११ क्रमांकांची दोन आर्जिनीन त्याच्या शेजारी येऊन त्याचा स्वभाव बदलतात. आर्जिनीन, लायसीन, आर्जिनीन असं त्रिकूट. अँटीनेटल बार्टर सिंड्रोममध्ये (जन्माआधीच सुरू होणारा, किडनीतून मीठ वाया जाण्याचा आनुवंशिक आजार) सापडलेले काही बदल याच त्रिकुटाला विस्कटतात आणि त्या चॅनेलला आम्लता वाजवीपेक्षा जास्त कळते, म्हणजे साध्या पीएचलाही तो मिटलेला राहतो. सिद्धांताला आजाराचा पुरावा मिळाला, म्हणून आम्ही सगळे हे त्रिकूट पाठ करून बसलो.

इथेच ग्यानबाची मेख आहे. नंतरच्या कामात दिसलं की ते लायसीन प्रोटॉन 'ओळखत' नाही, ते मिटलेलं दार धरून ठेवतं. चॅनेलचा खरा अडसर आतल्या तोंडाशी आहे, जिथे चारही उपघटकांचे सर्पिल भाग एकमेकांना ओलांडतात. तिथे अर्धवट मिटलेली छत्री डोळ्यांसमोर आणा. तो भाग मिटला की ते लायसीन शेजारच्या सर्पिलाशी हायड्रोजन बंध बांधतं आणि दार मिटलेलं टिकतं. लायसीन काढलं की दार मिटलं तरी टिकत नाही, म्हणून चॅनेलला आम्लता कळेनाशी झाली असं वाटतं. कडी काढली म्हणून दार बंद होईना, तर कडी म्हणजे पहारेकरी असा निष्कर्ष काढल्यासारखं ते झालं होतं. जुन्या पुस्तकांत अजून पहिलं चित्र सापडेल. परीक्षेत विचारलं तर दोन्ही लिहा.

आणखी दोन गोष्टी या दाराला हात लावतात. पेशीच्या पडद्याच्या आतल्या बाजूला पीआयपी-२ नावाचा फॉस्फरसयुक्त मेद असतो, तो चॅनेलला उघडं धरतो. त्याची पकड घट्ट असेल तर मिटायला जास्त आम्लता लागते. प्रोटीन कायनेज-ए हे एन्झाइम चॅनेलवर फॉस्फेट चढवतं, तेव्हाही आम्लतेची धार बोथट होते. म्हणजे ६.८ हा आकडा दगडावरची रेघ नाही. हार्मोन्स, औषधं, पेशीची ऊर्जा यांनी तो सरकतो. आणि बाहेर पोटॅशियम फार कमी असेल तर आम्लतेनं एकदा मिटलेला चॅनेल पीएच सुधारला तरी लगेच उघडत नाही. पोटॅशियमची टंचाई असताना दार असंच अडकून राहिलं तर ते शहाणपणाचंच, असं मला वाटतं.

रॉम-के सोडून किडनीत आम्लता ओळखणारे इतरही आहेत. टास्क-२ हा त्यातला मला सगळ्यात आवडणारा. प्रॉक्सिमल, म्हणजे सुरुवातीच्या, नलिकेत तो रक्ताच्या बाजूला असतो आणि याला बाहेरचा पीएच कळतो, तोही उलट दिशेनं: बाहेर अल्कता वाढली की उघडतो. पेशी बायकार्बोनेट (आम्लता शमवणारं अल्क) रक्ताकडे ढकलते, त्यामुळे तिथला कोपरा अल्क होतो, टास्क-२ उघडतो, पोटॅशियम बाहेर जातं, पेशीचा आतला भाग जास्त ऋण होतो आणि त्या ऋणभाराच्या जोरावर आणखी बायकार्बोनेट बाहेर पडतं. ज्या उंदरांत हा चॅनेल नाही, त्यांना मेटाबोलिक ॲसिडोसिस होतो. हे २००४ मध्ये दाखवलं गेलं.

दुसरी जोडी केआयआर ४.१ आणि ५.१ ची, डिस्टल कन्व्होल्यूटेड नलिकेत रक्ताच्या बाजूची. ५.१ एकटा असेल तर काहीच प्रवाह देत नाही, पण ४.१ बरोबर बसला की त्या जोडीची पीएचची जाण इतकी तीक्ष्ण होते की ती साध्या आतल्या पीएचलाच अर्धी-अधिक मिटलेली असते. म्हणजे थोडं इकडे-तिकडे झालं की ती लगेच प्रतिसाद देते. ४.१ च्या जीनमध्ये दोष असला की फिट्स, तोल जाणं, बहिरेपणा आणि पोटॅशियमची गळती असं एकत्र येतं. हा सिंड्रोम २००९ मध्ये वर्णन झाला. लहान मुलाला फिट्स आणि कमी पोटॅशियम एकत्र दिसलं तर आठवा, बाकी इथे थांबतो.

आता मूळ प्रश्न. पहिल्या काही तासांत काय होतं ते बघा. अमोनियम क्लोराइड (आम्लता वाढवणारा क्षार) दिलं, किंवा शरीरात अचानक आम्ल साठलं, तर प्रिन्सिपल पेशीचा आतला पीएच उतरतो, रॉम-के मिटतात, लघवीतलं पोटॅशियम घटतं. पुस्तकातलं वाक्य इथपर्यंत बरोबर आहे. पण आम्लता दिवसभर टिकली की चित्र पालटतं आणि लघवीतलं पोटॅशियम उलट वाढतं. कारण आम्लतेमुळे प्रॉक्सिमल नलिका मीठ आणि पाणी कमी शोषते. ते सगळं खाली डिस्टल भागात येतं. प्रवाह वाढला की तिथलं पोटॅशियम धुऊन जातं आणि आणखी बाहेर पडायला जागा होते. प्रवाहाला दाद देणारे बीके नावाचे दुसरे चॅनेलही उघडतात. मीठ गेल्यामुळे रेनिन आणि त्यामुळे ॲल्डोस्टेरॉन (मीठ राखणारं हार्मोन) वाढतं. ॲल्डोस्टेरॉन सोडियमचे चॅनेल वाढवतं, नळी जास्त ऋण होते आणि पोटॅशियम खेचलं जातं. रॉम-के आम्लतेमुळे थोडे मिटलेले असतात, पण जे उघडे आहेत त्यांच्यावर रेटा इतका असतो की एकूण हिशेब तोट्यात जातो. अर्धी दारं बंद असूनही एसटी स्टँडवरची गर्दी कशी बाहेर पडते, ते सणाच्या आदल्या दिवशी पाहा.

त्यात भर म्हणजे जुलाबात विष्ठेतून पोटॅशियम आणि बायकार्बोनेट दोन्ही जातं. पोटॅशियम आधीच गेलेलं असतं, आम्लता नंतर येते, आणि पाणी कमी झाल्यामुळे ॲल्डोस्टेरॉनही वाढलेलं असतं. डिस्टल रीनल ट्युब्युलर ॲसिडोसिसमध्ये तर मूळ दोषच असा की हायड्रोजन बाहेर टाकता येत नाही, म्हणून सोडियम आत येताना हायड्रोजनची जागा पोटॅशियमला भरावी लागते. ॲसिटाझोलामाइड (किडनीत बायकार्बोनेट परत घेणं अडवणारं औषध) घेणाऱ्यातही हेच: बायकार्बोनेट लघवीत, मागोमाग पोटॅशियम लघवीत, आणि रक्तात आम्लता.

दुसरा घोटाळा आम्लाच्या प्रकाराचा. 'पीएच ०.१ ने उतरला की पोटॅशियम ०.६ ने वाढतं' हा नियम अजून वॉर्डात फिरतो. निकोलस मादियास आणि हॉरासिओ अड्रोग यांनी १९८१ मध्येच दाखवलं होतं की हा आकडा आम्लाच्या प्रकारानुसार खूप बदलतो, आणि लॅक्टिक किंवा कीटो आम्लाला तो लावता येत नाही. याचं कारण पुढे २०११ मध्ये पीटर ॲरॉन्सन आणि गीबिश यांनी नीट मांडलं. खनिज आम्लात, म्हणजे क्लोराइड वाढणाऱ्या ॲसिडोसिसमध्ये, स्नायूच्या पेशीत सोडियमचा शिरकाव घटतो, सोडियम-पोटॅशियम पंप मंदावतो आणि पोटॅशियम आत कमी जातं. लॅक्टिक आणि कीटो आम्लं मात्र स्वतःच हायड्रोजन घेऊन पेशीत शिरतात, आतली आम्लता बाहेर फेकायला पेशी सोडियम आत घेते, आणि पंप उलट जोरात चालतो. मधुमेही कीटोॲसिडोसिसमध्ये पोटॅशियम जास्त दिसतं ते इन्सुलिनच्या अभावानं आणि साखरेमुळे रक्त दाट झाल्यानं, आम्लतेनं नव्हे. आतून तो पेशंट किलोला तीन ते पाच मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम गमावून बसलेला असतो. म्हणून इन्सुलिनच्या आधी पोटॅशियमचा रिपोर्ट पाहायचाच. शॉकमधल्या लॅक्टिक ॲसिडोसिसमध्ये पोटॅशियम वाढतं ते किडनी बंद पडल्यामुळे आणि पेशी मरत असल्यामुळे.

हे मी पुस्तकातून नाही, एका रात्री शिकलो. रेसिडेन्सीच्या दुसऱ्या वर्षी एका पस्तिशीच्या बाईंना बैलगाडीतून आणि मग जीपमधून आणलं होतं. दोन्ही पायांत जोर नाही, मान उचलता येत नाही. पीएच ७.१८, बायकार्बोनेट ११, क्लोराइड ११६, सोडियम १३८, पोटॅशियम १.९. लघवीचा पीएच ६.५. मी आम्लता पाहिली आणि सोडा-बायकार्बची बाटली मागवली, कारण पीएच ७.१८ डोळ्यांत खुपत होता. आमच्या रजिस्ट्रार मॅडमनी बाटलीचा पाइप हातानंच मिटला आणि म्हणाल्या, "आधी पोटॅशियम. ही बाटली आत गेली की उरलेलं पोटॅशियम पेशीत पळेल, आणि मग श्वासाचे स्नायू जातील." त्या रात्री नॉर्मल सलाइनमध्ये पोटॅशियम क्लोराइड, ईसीजी मॉनिटरवर, तासाला २० मिलिइक्विव्हॅलंट. डेक्स्ट्रोजमध्ये नाही, कारण साखरेनं इन्सुलिन सुटतं आणि तेही पोटॅशियम पेशीत ढकलतं. आपल्याकडे मिळणाऱ्या १५ टक्क्यांच्या १० मिलिलिटर अँप्यूलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट असतं, हे त्या रात्रीपासून विसरलो नाही. पोटॅशियम तीनवर आल्यावर बायकार्ब. पुढे तपासण्यांत शोग्रेन सिंड्रोम (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथींवर उलटण्याचा आजार) निघाला, त्यातून आलेला डिस्टल ट्युब्युलर ॲसिडोसिस. नंतर पोटॅशियम सायट्रेटवर त्या वर्षानुवर्षं ठीक राहिल्या. आश्चर्य वाटेल, पण अशा पेशंटमध्ये आम्लता सुधारली की लघवीतून जाणारं पोटॅशियमही कमी होतं. दाराचा विचार केला तर उलट व्हायला हवं ना? पण दारामागचा रेटाच कमी होतो.

उलट बाजूचा पेशंट तुम्हाला जास्त दिसेल. जुना मधुमेह, क्रिएटिनिन साडेतीन (किडनीचं काम मंदावल्याची खूण), टेल्मिसार्टन (ब्लडप्रेशरचं औषध) चालू, कुणीतरी स्पायरोनोलॅक्टोन (ॲल्डोस्टेरॉन अडवणारं औषध) जोडलेलं, आणि उन्हाळ्यात 'थंड असतं' म्हणून रोज दोन नारळांचं पाणी. पोटॅशियम ६.८, बायकार्बोनेट १४. इथे आम्लता, कमी ॲल्डोस्टेरॉन आणि कमी नेफ्रॉन एकत्र येतात, म्हणजे दारंही मिटलेली आणि रेटाही नाही. ईसीजीत बदल असेल तर आधी कॅल्शियम ग्लुकोनेट, मग इन्सुलिन-डेक्स्ट्रोज, सालब्युटामॉल नेब्युलायझर. बायकार्बोनेट इथे लगेच पोटॅशियम उतरवेल ही अपेक्षा ठेवू नका. डायलिसिसच्या पेशंटमध्ये ते तासाभरात फारसं काही करत नाही, कारण ज्या किडनीच्या दारांवर त्याचा भर आहे ती किडनीच तिथे नाही. ज्याला थोडी तरी लघवी होते आणि बायकार्बोनेट कमी आहे, त्याला ते दिवसांच्या हिशेबात उपयोगी पडतं.

सलाइनबद्दल एक राग व्यक्त करतोच. किडनी फेल झाली म्हणून 'आरएल (रिंगर लॅक्टेट) नको, त्यात पोटॅशियम आहे' असं म्हणत नॉर्मल सलाइनच्या बाटल्या चढवल्या जातात. आरएलमध्ये लिटरला चार-पाच मिलिइक्विव्हॅलंट असतं, म्हणजे रक्ताच्याच पातळीचं. त्यानं रक्ताचं पोटॅशियम ६ च्या वर कसं जाईल? उलट सलाइनमधलं १५४ क्लोराइड ॲसिडोसिस आणतं, तोही खनिज आम्लाचा, म्हणजे पोटॅशियम पेशीबाहेर ठेवणारा आणि रॉम-के मिटवणारा. २००५ मधल्या किडनी ट्रान्सप्लांटच्या एका चाचणीत सलाइन दिलेल्या गटातले १९ टक्के पेशंट ६ च्या वर गेले, आरएलच्या गटातला एकही नाही.

कमी पोटॅशियम आणि ॲसिडोसिस एकत्र दिसलं की दार, रेटा, आम्लाचा प्रकार यांवर विचार करत बसण्याआधी लघवीतलं पोटॅशियम आणि क्रिएटिनिन पाठवा. एका ग्रॅम क्रिएटिनिनमागे पोटॅशियम १३ मिलिइक्विव्हॅलंटच्या खाली असेल तर गळती पोटातून आहे, वर असेल तर किडनीतून. नमुना पोटॅशियम देण्याआधी घ्यायचा.